सा कुठे ठेवायचा: महाविद्यालयातील संगीताची पहिली साठ घड्याळी तासिका

महाविद्यालयात आल्यावर पहिल्यांदाच संगीत हा विषय घेणाऱ्याला काय शिकवायचे, हे महाराष्ट्रात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जवळजवळ ठरून गेले आहे. बारा स्वर, चार-पाच ताल, दोन-चार राग, प्रत्येक रागात एक सरगम गीत आणि एक छोटा ख्याल, हाताने टाळी-खाली दाखवत म्हटलेला ठेका आणि पाठ केलेल्या व्याख्या, एवढा हा ऐवज. मुंबईतला विद्यार्थी असो की मेळघाटातल्या धारणीचा, त्याच्यापुढे हाच ऐवज ठेवला जातो.

घराण्यात असा ठरवून दिलेला ऐवज नव्हता. शिष्य गुरूच्या घरी राही, एकच राग महिनोन्‌महिने घोटी आणि आपण कितव्या इयत्तेत आहोत हे त्याला कोणी सांगत नसे. गाणे वर्गात आणण्याचा एक आरंभीचा प्रयत्न बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी तिथे 1886 मध्ये गायनशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ते राजाश्रयावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि शुल्कावर चालावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या निधनानंतर, 1931 मध्येच, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावांतही माहीत आहेत. दुसरीकडे विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह छापल्या. आजच्या पाठ्यक्रमातली परीक्षांची शिडी पलुस्करांच्या परंपरेतून आली आणि रागांचे वर्गीकरण भातखंड्यांकडून.

धारणी ज्याच्या क्षेत्रात येते ते अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे, म्हणजे एका कीर्तनकाराचेच नाव मिळाले. बी.ए.ला संगीत हा ऐच्छिक विषय घेण्याची सोय या विद्यापीठात जुनी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने त्यात दुसरा प्रवाह आणला. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही आता खुला ऐच्छिक विषय किंवा सहअभ्यासक्रम म्हणून सादरीकरणाच्या कला घेऊ शकतो. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास, म्हणून दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम साठ तासांचा होतो. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत अशा विद्यार्थ्यासाठी बहुधा रसग्रहणाचा वर्ग असतो. तिथे रचना ऐकायच्या, त्यांचे काळ आणि प्रकार ओळखायचे; गाता येण्याची अट नसते. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी तोंड उघडावे लागते.

सुरुवात आकाराने आणि शुद्ध स्वरांच्या आरोह-अवरोहाने होते. मग येतात अलंकार, म्हणजेच पलटे: सारेग, रेगम, गमप अशा चढत्या-उतरत्या साखळ्या, आधी बरोबरीच्या लयीत आणि मग दुगुणीत. त्यांत चाल नसते की शब्द नसतात, म्हणून विद्यार्थी लवकर कंटाळतो. पण स्वरांमधली अंतरे गळ्यात बसवण्याचे काम पलटेच करतात. पहिला राग अनेकदा भूप असतो. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, उरलेले पाचही स्वर शुद्ध, त्यामुळे कोमल-तीव्राचा गोंधळ टळतो. पुढे यमनात तीव्र मध्यम येतो आणि काफीत कोमल गंधार-निषाद. तालांत सोळा मात्रांचा त्रिताल, दहांचा झपताल, आठांचा केरवा आणि सहांचा दादरा. त्रितालात नवव्या मात्रेवर खाली. तिथे हात उघडा पडतो आणि बहुतेक नवशिके तिथेच चुकतात, कारण टाळी ऐकू येते आणि खाली नुसती मोजावी लागते.

या सगळ्याचा आधार म्हणजे पेटी. भात्याने हवा दाबली की पितळी पट्टीची जीभ थरथरते आणि तिच्या लांबी-जाडीनुसार सूर निघतो. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे सूर कारागिराच्या बाकावर एकदा ठरतात. वाजवणाऱ्याला ते हलवता येत नाहीत. तानपुऱ्यासारखी दर खेपेला जुळवण्याची कटकट नाही आणि चाळीस मुलांच्या आवाजातही ती ऐकू येते. म्हणून ती वर्गाला इतकी सोयीची ठरली.

पण ही सोय फुकट मिळत नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे बाराशे सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार चारशेवर येतो आणि तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे 386 वर. कोमल गंधाराचा फरक याहून थोडा जास्त, म्हणजे सोळा सेंट, आणि पंचमाचा जेमतेम दोन. त्यामुळे पंचम दोन्हीकडे जुळतो आणि शुद्ध गंधार मात्र चढा लागतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पेटीवर निघतच नाही. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली; ती 1971 पासून हळूहळू सैल झाली. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी हेच वाद्य मैफलीत मानाने बसवले. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी तयार केली. पहिल्या वर्षाच्या वर्गात यातले काही पोचत नाही. विद्यार्थी पेटीचाच गंधार खरा मानून शिकतो आणि कान तिथे पक्का बसला की तो हलवणे अवघड जाते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून पेटी फक्त सुरुवातीचा सूर दाखवण्यापुरती वापरणे, हा जाणत्या शिक्षकांचा तोडगा. त्याला खर्च थोडा येतो, मात्र शिक्षकाचा स्वतःचा गळा सुरात असावा लागतो.

दुसरी अडचण पट्टीची. तरुण मुलांचा सा बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असतो, मुलींचा पांढरी पाच ते काळी पाच. वर्ग एकत्र, पेटी एक. मुलांच्या पट्टीत गायचे तर मुलींना एक सप्तक वर जाऊन तार स्वरांशी झगडावे लागते किंवा खर्जात पुटपुटावे लागते. मुलींची पट्टी धरली की वरच्या षड्जाला मुलांचे आवाज फाटतात. मैफलीत यावर सुंदर तोड निघाली: पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीत स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत, दोन वेगळे राग एकाच वेळी गातात. नवशिक्यांच्या वर्गाला ते झेपणार नाही. तिथे एकच उपाय, दोन तुकड्या करणे. तसे केले की साठ तासांचे प्रत्येकाच्या वाट्याला तीसच येतात.

मेळघाटात या अडचणी दुपटीने वाढतात. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत जंगलातून जाणारा धारणीचा रस्ता अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरचा. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला इतक्या लांब येऊन आठवड्यात मोजके तास घेणे परवडत नाही. पावसाळ्यात दमट हवेने पेटीचे लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात आणि दुरुस्तीला वाद्य शहरात न्यावे लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात, त्यामुळे सत्रातली हजेरी तुटक राहते. गाणे मात्र रोजच्या सरावाने येते. बुडालेले पंधरा दिवस नोट्स वाचून भरून निघत नाहीत.

भाषेची अडचण तितकीशी दिसत नाही, पण आहे. इथल्या बहुसंख्य कोरकू मुलांची घरची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. शाळा मराठीत, बाजार बराचसा हिंदीत. संगीताच्या व्याख्या संस्कृतप्रचुर मराठीत असतात आणि बंदिशी ब्रजभाषेत. नाद, श्रुती, वादी, संवादी या व्याख्या पाठ होतात, पण त्यांचा ऐकलेल्या सुराशी संबंध जोडला जातोच असे नाही.

खरी अडचण पाठ्यक्रमाच्या गृहीतकात आहे. विद्यार्थी कोरा येतो असे तो धरून चालतो. वऱ्हाडातला मुलगा तसा येत नाही. मैदानातल्या गावात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने त्याच्या हाताला लय दिलेली असते. मेळघाटात ढोल आणि बासरी आहेत, गदली-सुसून नाच आहे, होळीचे दिवस आहेत. ढोलाच्या साथीने रात्रभर पावले टाकणाऱ्या मुलाला वर्गात मात्र दादऱ्याच्या सहा मात्रा बोटांवर मोजायला बसवले जाते. ढोलाची लय नाचणाऱ्यांच्या पावलांवर पुढे-मागे होते. स्वरलिपीत तिच्यासाठी खूण नाही. हाताने बनवलेल्या बासरीची भोके बोटांच्या सोयीने पाडलेली असली तर तिचे स्वर पेटीशी जुळत नाहीत आणि परीक्षेच्या भाषेत ती बेसूर ठरते. दहावीला लोककलांसाठी वाढीव गुण मिळतात, म्हणजे शासनाला या कलांची दखल घेता येते. पण तिथे मोजमाप सादरीकरणाचे होते, त्यातल्या ज्ञानाचे नाही.

साठ तासांत याचा पूर्ण मेळ बसणार नाही. तरी क्रम बदलता येतो. ताल पावलांपासून सुरू करावा, मात्रा मोजणे नंतर. मग सम आणि खाली विद्यार्थ्याच्या अंगात आधीच असलेल्या ठोक्यांना जोडता येतात. घरचे एक गाणे ध्वनिमुद्रित करून आणायला सांगावे आणि त्याचा सा, त्यातले स्वर, त्याची सर्वांत वरची-खालची जागा शोधून लिहायला लावावी. पेटीवर न सापडणारे स्वर तसेच नोंदवावेत, दुरुस्त करू नयेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत बंदिशीशेजारी हे एक पान असले, तर स्वरलिपी कशासाठी आहे आणि ती कुठे तोकडी पडते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवल्या जातात. भूप आणि त्रिताल राहतीलच. परीक्षकाला तेच विचारायचे असतात आणि पुढच्या परीक्षांचा रस्ताही तिथूनच जातो. फक्त त्यांच्याआधी विद्यार्थ्याला काय येते, हे विचारण्यासाठी दोन तासिका काढाव्या लागतील.