अदृश्य यानाची पंचाईत

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेच्या डिसेंबर १९६६ मधील एका भागात शत्रूचे अवकाशयान अदृश्य होते. मात्र शस्त्र डागताना त्याला प्रकट व्हावे लागते. कथेत सांगितले आहे की, अदृश्य राहण्यास ऊर्जा फार लागते. पण भौतिकशास्त्र काय म्हणते?

वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यांत शिरला की वस्तू दिसते. हा प्रकाश यानाला वळसा घालून पुढे गेला, तर यान दिसणार नाही. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याचे एक लहान नळकांडे सूक्ष्मलहरींपासून असेच काही अंशी लपवण्यात आले. पण गंमत पाहा! प्रकाश आत शिरलाच नाही, तर आतल्यांना बाहेरचे दिसणार कसे? अदृश्य यान आंधळेही असते. मग नेम कसा धरायचा?

दुसरी अडचण उष्णतेची. माणसांसाठी यानात सुमारे २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन तापमान ठेवले आणि पृष्ठभागही तितकाच उबदार असला, तर त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ४६० वॅट अवरक्त प्रारण बाहेर पडेल. भोवतालचे अवकाश मात्र अवघे २.७ केल्विन. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून यान त्या पार्श्वभूमीच्या सुमारे १५ कोटी पट तेजस्वी ठरेल! उष्णता आत कोंडावी, तर माणसे भाजून निघतील. शस्त्र डागले की ती आणखी वाढणार.

समजा, यानाने उष्णता फक्त शत्रूच्या विरुद्ध दिशेला सोडली, तर? आणि शत्रू दोन्ही बाजूंना असला, तर? वहीत आकृती काढून विचार करा.