शंभर गुण आणि नापास?

मुलांनो, ५ आणि ३ मिळून किती? पहिलीतलं पोरही बोटं मोजून ८ सांगेल. आता संगणकावर पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहा. कळफलकावरून दोन अंक घे आणि त्यांची बेरीज कर, एवढंच त्याला सांगा. ५ आणि ३ दाबा. पठ्ठ्या खुशाल ५३ असं उत्तर देतो!

संगणक बिघडलेला नाही बरं का! कळफलकावर आपण जे दाबतो, ते पायथन अक्षर म्हणूनच घेतो. त्याच्या लेखी ५ हे 'क'सारखंच एक चिन्ह. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी मांडायची. 'आंबा' आणि 'वडी' मिळून 'आंबावडी', तसे '५' आणि '३' मिळून '५३'. अक्षरांच्या अशा माळेला 'स्ट्रिंग' म्हणतात.

हसू आलं ना? पण समजा, निकालाच्या प्रोग्राममध्ये गुण आणि अटीतले ३५ हे दोन्ही असेच स्ट्रिंग राहिले आणि '३५ पेक्षा कमी असेल तर नापास' अशी अट घातली, तर? शंभरपैकी १०० मिळवणारी मुलगी चक्क नापास! कारण स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी होते. आधी फक्त पहिलं चिन्ह बघायचं. १ हा ३ च्या आधी येतो, म्हणून '१००' लहान ठरले. ९ गुणांचे महाशय मात्र पास. आणि प्रोग्राम कुठे अडतही नाही, निकाल छापून मोकळा होतो.

मग माळेची संख्या करायची कशी? संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याच्या चिन्हाचा ४८, एकचा ४९, असं करत नऊचा ५७. त्या क्रमांकातून ४८ वजा केले की अंकाची खरी किंमत मिळते. सातच्या चिन्हाचा क्रमांक ५५. ५५ वजा ४८, राहिले ७.

आता '४२७' ही माळ डावीकडून वाचू. हातात आहे ०. नियम एकच : हातातल्या संख्येची दहापट करा आणि नवा अंक मिळवा. आधी ४. मग ४० अधिक २, झाले ४२. मग ४२० अधिक ७, झाले ४२७. एकक-दशक-शतकाचा तक्ता आठवला का? तोच इथे कामाला आला! पायथनमध्ये हे काम 'इंट' करतो. गुण त्याच्याकडून संख्या करून घेतले की १०० वाली मुलगी पास.

गंमत म्हणजे आपले देवनागरी अंक दिले तरी इंटला ते बरोबर समजतात. जावास्क्रिप्ट भाषेतल्या 'नंबर'ला मात्र ते कळत नाहीत. 'ही संख्या नव्हे' असं तो सांगतो.

स्वल्पविरामाशी जरा जपून! '१,२५,०००' दिले तर इंट साफ नकार देतो. जावास्क्रिप्टचा 'पार्स-इंट' पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबतो आणि गुपचूप १ देतो. सव्वा लाखाचा एक रुपया! मला विचाराल तर तोंडावर 'नाही' म्हणणारा इंटच बरा.

आणि अंक दिसले की लगेच संख्या करायची, असंही नाही हं. पुण्याचा एसटीडी कोड ०२०. त्याची संख्या केली तर पुढचं शून्य गळून २० उरतात, मग फोन कसला लागतोय! अशा वेळी स्वतःला विचारायचं, याची बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? दोन मैत्रिणींच्या फोन नंबरांची बेरीज कोण करतं?

तर सांगा पाहू : पिनकोड, आजीचं वय, हजेरी क्रमांक आणि किराणाचं बिल, यांतलं काय काय संख्या करायचं? आणि '-४२' अशी माळ आली, तर वरची रीत कुठे अडेल? वहीत करून बघा.