डिझेलचा काटा

भिवंडीत पिकअपचा डिझेलचा काटा बिघडला की त्याच्याआधी मालक आणि ड्रायव्हरचं बिघडतं. रात्री काटा अर्ध्यावर होता, सकाळी पावावर आला, आणि गाडी रात्रभर ड्रायव्हरच्या ताब्यात होती. मालक तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी डिझेल भरताना स्वतः पंपावर येऊन उभा राहतो. ड्रायव्हरला काय समजायचं ते समजतं. या दुरुस्तीबद्दल लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच. टाकीजवळचा एखादा गंजलेला बोल्टसुद्धा काट्याला कायम कमी दाखवायला लावू शकतो, आणि संशय मात्र माणसावर येतो.

लांब पल्ल्याच्या गाडीचं काट्यावाचून फारसं अडत नाही. लिटरला किती किलोमीटर पडतात हे ड्रायव्हरला पाठ असतं; नाशिकला जाऊन यायला किती डिझेल लागेल ते तो बसल्या जागी सांगतो. भिवंडीतल्या भिवंडीत फिरणाऱ्या गाडीला हा हिशेब लागू होत नाही. सायझिंगमधून सुताचे बीम उचलायचे, लूमच्या कारखान्यावर उतरवायचे, तिथून कापडाचे तागे भरून गोदामाकडे निघायचं. पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर ही गावं गोदामांनी भरली त्यात मुंबईच्या जकातीचा मोठा वाटा होता. माल हद्दीबाहेर ठेवला की जकात लगेच भरावी लागत नसे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं तिथेच राहिली आणि वाढली. आता अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत कंटेनरांच्या मागे पिकअप अडकते तेव्हा इंजिन चालू असतं, डिझेल जळत असतं आणि किलोमीटर पडत नाहीत. तिथे काट्याशिवाय इलाज नाही.

त्यातून डिझेलची गाडी कोरडी पडू देणं परवडत नाही. पेट्रोलच्या गाडीत चार लिटर ओतले की ती बहुधा चालू होते. जुन्या डिझेल इंजिनात टाकी संपली की लाइन हवा धरते. मग फिल्टरवरचा हातपंप मारत बसायचं, हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं. मागे हॉर्नचा गदारोळ, हात डिझेलने माखलेले. ज्याने हे एकदा केलंय तो काट्याकडे दुर्लक्ष करत नाही.

अंजूरफाट्याजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे मी ही दुरुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. गाडी जुनी. काटा नेहमीच कमी दाखवायचा, आणि मध्येच अर्ध्याच्या आसपास एकदम खाली पडून पुन्हा वर यायचा.

"मीटरच बदलून टाका, उस्ताद," ड्रायव्हर म्हणाला.

"थांब दादा, आधी बघू तर दे. मीटर सगळ्यात शेवटी."

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते इंजिनाच्या तापमानाच्या काट्याबद्दल. तो बरोबर चालतो का? दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर दोष डॅशबोर्डमागे शोधायचा. तिथल्या सप्लायमध्ये, अर्थमध्ये, किंवा जुन्या मीटरना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये. इथे तापमानाचा काटा ठीक होता. म्हणजे टाकीकडे निघायचं.

ही सगळी रचना फार साधी आहे. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्रा असतो, तो रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत सरकतो. डिझेलची पातळी हलली की रेझिस्टन्स बदलतो, त्यातून जाणारा करंट बदलतो, आणि काटा हलतो. याला मिस्त्री टँक युनिट म्हणतात. जगभर दोन पद्धती जास्त आढळतात: अमेरिकी युनिट रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम दाखवतं, तर बऱ्याच युरोपीय युनिटांत ते उलटं, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. एका पद्धतीचं युनिट दुसऱ्या पद्धतीच्या मीटरला जोडलं तर काटा कधीच सरळ चालणार नाही. जुन्या बाजारातून 'बसतंय ना' म्हणून युनिट उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

या गाडीत रेझिस्टन्स कमी म्हणजे टाकी भरलेली. मिस्त्रींनी चावी चालू ठेवायला सांगितली, खाली सरपटत गेले आणि युनिटची वायर काढली. काटा तळाला गेला. तीच वायर छोट्या टेस्ट लॅम्पमधून चासीला टेकवली. थेट टेकवून धरली तर जुनं मीटर जळू शकतं. काटा सावकाश वर चढू लागला. जुन्या मीटरमध्ये दोन धातूंची चिकटलेली पट्टी तापून वाकते, त्यामुळे त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच रस्त्यावरच्या खड्ड्यागणिक काटा नाचत नाही. एवढ्यावरून मीटर आणि वायर दोन्ही शाबूत असल्याचं कळलं. बदलायला निघालेल्या मीटरचे पैसे इथेच वाचले.

मग त्यांनी मल्टिमीटरची एक टोचणी युनिटच्या कडेवर ठेवली आणि दुसरी चासीवर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आकडा वीसच्या आसपास थांबला. या युनिटला वेगळी अर्थची वायर नाही. करंट परत जातो तो टाकीच्या पत्र्यातून, पट्ट्यांतून, बोल्टांतून. कोकणातल्या पावसाने आणि रस्त्यावरच्या चिखलाने ते सांधे आतून गंजले होते. त्या गंजाचे ओहम युनिटच्या ओहममध्ये मिळत होते, आणि मीटरला वाटत होतं की डिझेल कमी आहे. टाकीत होतं तेवढं होतं. कोणी काही काढलेलं नव्हतं.

चासीवर पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चकचकीत घासली, युनिटच्या कडेपासून तिथपर्यंत जाड वायर ओढून बोल्ट आवळला. काटा वर आला.

अर्ध्यावरचा झोल मात्र बाकी होता, आणि त्यासाठी टाकी उतरवावीच लागते, कारण युनिट टाकीच्या माथ्यावर, हौद्याच्या खाली. डिझेल ड्रममध्ये काढलं, पट्टे सोडले. उघडण्याआधी मिस्त्रींनी युनिटभोवतीचा वाळलेला चिखल ब्रशने आणि कंप्रेसरच्या हवेने इतका साफ केला की मला ते उगाच वाटलं. पण तोच चिखल आत पडला असता तर पुढे फिल्टरमध्ये गेला असता. स्क्रू निघाले, दांडी तिरकी करत युनिट बाहेर आलं. त्यांनी फ्लोट कानाजवळ हलवला. आत डिझेल शिरलं असतं तर खळखळ ऐकू आली असती आणि फ्लोट जड होऊन पातळीच्या खाली बसला असता. तो कोरडा निघाला. पट्टीवर मात्र बरोबर मधोमध, जिथे काटा बहुतेक वेळ असतो तिथे, एक काळपट चरा पडला होता. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली. चऱ्यावर आकडा नाहीसा व्हायचा आणि पुढे परत यायचा. अशी पट्टी घासूनपुसून फार दिवस चालत नाही. त्याच ओहमचं नवं युनिट आलं, नवं रबरी पॅकिंग आलं.

टाकी चढवल्यावर काम संपलं असं बहुतेक गॅरेजांत मानतात, आणि मला ते पटत नाही. टाकी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची नसते, दांडी गोल फिरते, त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी असं क्वचितच निघतं. या मिस्त्रींनी गाडी सपाट जागी उभी करून डिझेल पाच-पाच लिटरनं परत ओतलं, दर वेळी काटा स्थिर होऊ दिला, आणि ड्रायव्हरला लिहून घ्यायला लावलं. बोलावून घेतलेला मालक शेजारी उभा राहून आकडे बघत होता. पावावर काटा आला की प्रत्यक्षात किती लिटर शिल्लक राहतात, हे त्या दोघांनाही पहिल्यांदाच नेमकं कळलं.

"पहिल्यांदा फुल्ल केलीस की खाली वाकून पॅकिंगमधून झिरपतंय का बघ," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाले. "आणि पाऊस संपला की अर्थचा हा बोल्ट सोडून घासायचा, आवळायचा, मग वरून ग्रीस."