ओंजळीतला वारसा

मारवाडातील एका गावी, कुणाच्या मृत्यूनंतर भरलेल्या बैठकीला मी सरकारी अधिकारी म्हणून गेलो होतो. एक वृद्ध गृहस्थ गाळलेल्या अफूचे पाणी तळहातावर घेऊन शेजाऱ्याच्या ओठांशी नेत होते. या आग्रहाला तिकडे ‘मनुहार’ म्हणतात. दहा-अकरा वर्षांचा नातू लोटा घेऊन उभा होता. त्याला कुणी अफू दिली नाही. तो केवळ पाहत होता. कायद्याच्या दृष्टीने तिथे गुन्हा घडत होता, मुलाच्या दृष्टीने आदरातिथ्याचा पाठ चालला होता. मी गप्प बसलो. माझ्या मौनाचाही अर्थ त्या मुलाने लावलाच असेल.

आज जयपूरच्या सुशिक्षित घरांत दृश्य फारसे वेगळे नाही. पाहुण्यांसाठी बाटली उघडली की बर्फ आणायला मुलालाच हाक मारली जाते.

अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५ चा. राजस्थानातील डोडा-पोस्ताची परवानाधारक दुकाने १ एप्रिल २०१६ पासून बंद झाली. दुकानाला कुलूप लावता येते, पण घरातील रीतीला ते लावता येत नाही. ‘एम्स’च्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अफू सेवन करणारे ०.५२ टक्के, तर हेरॉइन घेणारे १.१४ टक्के आहेत. पिढी बदलली की पदार्थ बदलू शकतो. मूल वडिलधाऱ्यांकडून पदार्थापेक्षा वृत्ती उचलते: दुःख, थकवा, आनंद, सर्वांवर नशा हाच उतारा. व्यसनी पित्याचे प्रत्येक मूल व्यसनी होते, असे मुळीच नाही. संगत, बेकारी आणि सहज होणारा पुरवठा यांचाही वाटा असतो. परंतु नशेविषयीचा संकोच पहिल्यांदा मोडतो तो बहुधा घरातच.

म्हणून पालकांना दोष देऊन मोकळे व्हावे काय? इतिहास सावध करतो. १९२२ साली मुंबईच्या सरकारी ‘लेबर गॅझेट’ने नोंदवले की, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभरातील ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. त्या माता निर्दय नव्हत्या. दिवसभर कामावर असताना मूल सांभाळायला कुणी नव्हते, म्हणून ती बाळगोळी. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची जबाबदारी मालकावर टाकली. आईला उपदेशाहून पर्यायाची गरज आहे, हे त्या तरतुदीने मान्य केले.

जोधपूरजवळच्या माणकलाव गावात नारायणसिंह माणकलाव यांनी अफूमुक्तीची शिबिरे भरवली, तीही याच दिशेने जाणारी. व्यसनी माणसाला गावापासून तोडण्याऐवजी गावाच्या साक्षीने उपचार मिळाले. बाप अफू सोडताना मुलाने पाहणे, याहून प्रभावी प्रचार कोणता?

१५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. शाळा-महाविद्यालयांत शपथा होतात, फेऱ्या निघतात. मुलाने शपथ घेऊन घरी यावे आणि तिथे तीच ओंजळ पुढे यावी, तर ती शपथ किती दिवस टिकणार? मुलावर उपचार करताना पालकांच्या व्यसनाचीही चौकशी व्हावी. पित्यासाठी गावाजवळच, बदनामी न करता उपचार मिळावेत. बैठकीतील मनुहार गूळ-मिश्रीनेही होऊ शकते. तिची सुरुवात मात्र वडीलधाऱ्यांच्या, आणि तिथे पाहुणा म्हणून बसलेल्या अधिकाऱ्याच्याही, नकाराने झाली पाहिजे. तो नकार मी त्या दिवशी दिला नव्हता.