थोडे जंत जास्त चिवट का ठरतात?

पोटात दोनशे जंत गेले तर शरीर ते बाहेर काढतं, पण वीसच गेले तर ते मुक्काम ठोकतात. उलटं वाटतं ना? उंदरांमध्ये मात्र असंच घडतं.

ट्रायक्युरिस म्युरिस हा उंदरांच्या मोठ्या आतड्यात राहणारा जंत, माणसातल्या चाबूककृमीचा जवळचा नातेवाईक. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांना त्याची एकदम सुमारे २०० अंडी दिली, तर साधारण तीन आठवड्यांत बहुतेक जंत बाहेर पडतात. २० अंडी दिली, तर जंत पूर्ण वाढतात आणि स्वतः अंडी घालू लागतात.

असं का होतं? जंत इतका मोठा असतो, की कोणतीही पेशी त्याला गिळू शकत नाही. त्याला फक्त हुसकावता येतं. ते काम 'टीएच-२' प्रकारच्या टी पेशी सुरू करतात. त्यांच्या इंटरल्युकिन-१३ या संदेशामुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सरकत्या जिन्यासारख्या भराभर वर सरकून गळून पडतात. जंताचं डोकं याच पेशींत रुतलेलं असल्यामुळे त्याचीही पकड सुटते. शिवाय आतड्यातल्या चिकट स्रावाचं स्वरूपही बदलतं.

जंत थोडे असले, की त्याऐवजी 'टीएच-१' पेशी पुढे येतात. त्यांचं इंटरफेरॉन-गॅमा हे अस्त्र पेशीत लपलेल्या जंतूंवर चालतं, इथे नाही. १९९४ साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी, एरवी जंत बाहेर टाकू न शकणाऱ्या उंदरांमध्ये हे इंटरफेरॉन अडवलं, आणि त्यांनी जंत बाहेर टाकले! म्हणजे ताकद होती, दिशा चुकत होती.

प्रत्यक्षात कुणीच एकदम २०० अंडी गिळत नाही. मातीतून, न धुतलेल्या भाजीतून ती थोडी थोडी पोटात जातात. उंदरांना अशीच वारंवार थोडी अंडी दिल्यावर आधी जंत साठत गेले, मग हळूहळू प्रतिकार तयार झाला.

भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोल देतात. गोलकृमींवर ते उत्तम चालतं, पण चाबूककृमीवर त्याची एक मात्रा फारशी प्रभावी नसते. शिवाय माती तीच असल्यामुळे पुन्हा लागण होते. म्हणून लस हवी. आणि उंदरांचा धडा असा, की त्या लशीने प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागणार नाही, तिला योग्य वाटेला लावावं लागेल.