‘तुमचंच नेट बघा!’

ऐन वसुबारसेला माझी फराळाची वेबसाइट उघडेना. ‘ताई, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचंच नेट बघा,’ ती सांभाळणारा फोनवर म्हणाला. मी गप्प! आपल्याला त्यातलं काय कळतंय?

माझी धाकटी जाऊ कॉलेजात असताना मॉडेल कॉलनीत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळ्याला जायची. ती म्हणाली, ‘वहिनी, कर्ल वापरा की!’ संगणकाच्या त्या काळ्या खिडकीत तिनं टाइप करायला लावलं: कर्ल, डॅश, मोठा ‘आय’ आणि साइटचा पत्ता. म्हणजे पत्र नको, फक्त पाकिटावरचा मजकूर दाखव. उत्तर आलं, ५०३. सर्व्हर स्वतःच सांगत होता, ‘मला सध्या जमणार नाही.’

तो आकडा कळवला आणि तासाभरात साइट सुरू!

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी चलनांचे दर आपोआप मिळवण्यासाठी ही खटपट सुरू केली. १९९८मध्ये तिला ‘कर्ल’ हे नाव मिळालं. फुकट, आणि आतली कृतीही सर्वांना खुली. हातचं न राखता भाजणीचं प्रमाण सांगणाऱ्या आजीसारखी!

मैत्रिणींनो, दुरुस्ती नाही जमली तरी चालेल. दुखणं कुठं आहे, ते मात्र आपल्याला सांगता यायला हवं.