आता सोडून काय उपयोग?

धूम्रपानावरचा लेख दिसला की पान उलटायचं, ही आपली जुनी सवय. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत भीतीदायक चित्र असतं, आणि तरी रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर ठिणग्या चमकतातच! तेव्हा 'सिगारेट वाईट' हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला लिहायचंय ते एका वाक्याबद्दल. ओढणारा प्रत्येक जण ते कधी ना कधी म्हणतो : "आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते नुकसान झालंच की!" (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे सायन्सचे शब्द जसे तोंडात बसलेत तसेच लिहितो.)

हे वाक्य मी सर्वात जवळून ऐकलं ते माझ्या मामांच्या तोंडून. मामा विसरवाडीचे. नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे हायवेवरचं हे गाव. मामांची शेती आणि पस्तीस वर्षांची बिडी. खोकला महिनाभर हटेना, वजन उतरलं. लांबलेला खोकला म्हणजे टीबी, असंच आपल्याकडे सगळे धरून चालतात. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग धुळ्याला सीटी स्कॅन, बायोप्सी आणि निदान : फुफ्फुसाचा कॅन्सर, लवकरच्या स्टेजचा. घरात रडारड सुरू झाली आणि मामांनी ओसरीवर बसून शांतपणे बिडी पेटवली. वर हेच वाक्य!

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून आधी यंत्रणा बघू. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे सिलिया असतात. ते सतत हलून धूळ आणि कफ वर ढकलतात, अगदी कन्व्हेयर बेल्टसारखे. धुराने हा बेल्ट मंदावतो आणि धुरातली कॅन्सरकारक रसायनं आतच साचतात. ती पेशीच्या डीएनएला चिकटतात आणि बिघाड वर्षानुवर्षं जमत जातो. बिडी 'देशी' म्हणून सौम्य, हा तर निव्वळ गैरसमज. तिच्यात तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान हवा नीट आत घेत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. मुंबईचे डॉ. जसावाला आणि जैन यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं, की बिडी ओढणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो.

आता मूळ प्रश्न. कॅन्सर झाल्यावर सोडून काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो मोजलेला आहे. २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यातला अंदाज असा : लवकरच्या स्टेजचा, नेहमी आढळणाऱ्या प्रकारचा फुफ्फुसाचा कॅन्सर असलेले ६५ वर्षांचे पेशंट घेतले, तर ओढत राहणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के पाच वर्षं जगतात, सोडणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के. पुढे २०२१ मध्ये मॉस्कोच्या ५१७ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी हे सगळे ओढणारे होते. ज्यांनी सोडली त्यांचं मध्यक आयुष्य ६.६ वर्षं, ज्यांनी नाही सोडली त्यांचं ४.८ वर्षं. जवळपास पावणेदोन वर्षांचा फरक, तोही कुठल्याही महागड्या औषधाशिवाय!

असं का होतं? एक, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. रक्तात ऑक्सिजन कमी, म्हणजे जखम भरायला उशीर आणि रेडिएशनचा परिणामही कमी. दोन, कफ साफ होत नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर न्यूमोनियाची भीती. तीन, धुरामुळे लिव्हरमधली काही एन्झाइम्स जोरात चालतात आणि एर्लोटिनिबसारखं कॅन्सरचं औषध शरीरातून लवकर निघून जातं. चार, दुसरा नवा कॅन्सर उगवण्याचा धोका. म्हणजे ट्रीटमेंट चालू असताना ओढणं म्हणजे ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देणं.

एवढं सगळं मामांना मी नेटवरून वाचून दाखवलं. ऐकतील तर शपथ! त्यांना पटवलं ते एका सिस्टरनी. त्यांनी भाषण दिलं नाही, प्रश्न विचारले.

"भाऊ, दिवसाला किती लागतात?"

"एक बंडल."

"सकाळी पहिली कधी?"

"चहाच्या आधी."

"म्हणजे सवय पक्की आहे. ऑपरेशनच्या आधी सोडावी लागेल. कोणत्या दिवसापासून सोडायची, ते तुम्हीच सांगा."

मामांनी सोमवार सांगितला. सिस्टरनी तो कागदावर लिहिला, मामींना घरातली बंडलं फेकायला सांगितली आणि दर आठवड्याला फोन केला. मधे एकदा मामांनी चोरून ओढली, तेव्हा रागावल्या नाहीत, पुन्हा नवा दिवस ठरवला. ऑपरेशन झालं. आज मामा सावकाश का होईना, शेतापर्यंत चालत जातात. पुढचं कुणी सांगू शकत नाही, पण बिडी बंद आहे.

नंतर कळलं, ही एक ठरलेली पद्धत आहे : विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेटा. नर्सने असं केलं तर सोडणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी वाढतं, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. बहुतेक जण तरीही सोडत नाहीत, हे खरं. पण डॉक्टरांकडे पेशंटमागे दोन मिनिटं असतात. बीपी बघणारी, ड्रेसिंग करणारी, बाईमाणसांशी मावचीतून बोलणारी सिस्टर पेशंटजवळ जास्त वेळ असते. विसरवाडीसारख्या गावात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग नसतं. तिथे 'किती ओढता?' हा प्रश्न हीच पहिली तपासणी. एक गोष्ट मात्र त्या सिस्टरकडून शिकण्यासारखी : पेशंटला दोषी ठरवायचं नाही. न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, चुलीचा धूरही त्याचं एक कारण आहे.

आणि आपण? आपल्या वयाचा हिशोब तर फारच सोपा आहे. डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं लक्ष ठेवलं. २००४ चा निष्कर्ष : ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. साठीला सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ आणि तिशीला सोडली तर जवळजवळ सगळी दहा! एवढं रिटर्न देणारी दुसरी स्कीम कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

तेव्हा गच्चीवरच्या मित्रांनो, तारीख तुम्हीच ठरवा. पहिले तीन दिवस सर्वात कठीण. तलफ आली की काही मिनिटं टाळा, पाणी प्या, जिना चढा-उतरा. निकोटिनचं च्युइंगम केमिस्टकडे मिळतं. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा टोल फ्री नंबर. आणि सर, मॅडम, वॉर्डनसाहेब, आपल्यालाही एक विनंती. दंडाची पावती जरूर फाडा, पण सोबत ते दोन प्रश्नही विचारा : किती लागतात, आणि कोणत्या दिवसापासून सोडतोस?